फुलाचं नाव लिहून देऊ नका

बुके बांधता येतो, गुलाबाचे काटे उतरवता येतात, ओॲसिसची, म्हणजे फुलं खोचायच्या फोमची, वीट पाण्यात दाबायची नसते, ती आपली आपण बुडू द्यायची असते हे माहीत आहे, आणि आता घरचे विचारू लागलेत की यावर जन्म काढणार का? अशांसाठी हे लिहिते आहे. अगदी नवख्यांना यातलं बरंच अर्धवट वाटेल. त्यांनी आधी चार महिने कुणाकडे तरी बादल्या धुवाव्यात, मग वाचावं.

मी ठाण्याची. नौपाड्यात वाढले, विशीत या कामाला लागले, आता पन्नाशी उलटली. घोडबंदर रोडच्या हॉलमधली लग्नं, ऐरोली-महापेच्या कंपन्यांच्या रिसेप्शनची आठवड्याची फुलं, नेरुळ-वाशीची डोहाळजेवणं आणि बारशी, मधूनमधून कुणाच्या अंत्ययात्रेची गाडी, सगळं केलं. जन्म निघतो यावर. पण महिन्याच्या एक तारखेची सवय असलेल्या घरात हे पटवणं अवघड जातं, कारण आपला पगार पंचांग ठरवतं. श्रावण ते दिवाळी हार, तोरणं, गणपतीचं मखर, देवीचा दरबार. त्यात पितृपक्षाचा पंधरवडा सुना. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू. पौषात पुन्हा थंड. मग मेअखेरपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि आषाढी एकादशी झाली की हात रिकामे. त्या रिकाम्या दिवसांचं भाडं आणि पोरांचे पगार मे महिन्यातच बाजूला काढायचे असतात. मे महिन्यात हातात आलेला सगळा पैसा आपला वाटतो, तो आपला नसतो.

नवी मुंबईत एक बरं आहे. तिथे एकट्या आपल्या पंचांगावर राहावं लागत नाही. मल्याळी घरांत चिंगम महिन्यात, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, लग्नं होतात. त्याच सुमारास ओणम येतो आणि पूक्कळमसाठी, म्हणजे फुलांच्या रांगोळीसाठी, सुट्ट्या फुलांची मोठी मागणी निघते. ख्रिस्ती लग्नं डिसेंबर-जानेवारीत, आपल्या पौषाच्या आसपास. २००४ साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाली तेव्हा आम्हा ठाणेकरांना हे गिऱ्हाईक खऱ्या अर्थाने हाताशी आलं. ज्यांनी तेव्हा आळस केला ते अजून आषाढात माश्या मारतात.

कोर्स करू का, हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. करा, पण कोर्सची फी भरली म्हणजे धंदा कळला असं समजू नका. एसीत बसून, कापून-सोलून ठेवलेली फुलं समोर घेऊन चार दिवसांत सर्टिफिकेट देणारे वर्ग हल्ली गल्लोगल्ली निघालेत. तिथे तुम्हाला फुलं मिळतात, फुलं आणायची कशी ते मिळत नाही. माझ्या लेखी शिकवणाऱ्याची परीक्षा एकच: तो तुम्हाला खरेदीला सोबत नेतो का? पहाटेची लोकल पकडून दादरला, मीनाताई ठाकरे फूल मंडईत. नेत असेल तर बादल्या धुवून घेतल्या तरी राहा. नेत नसेल, आडत्याचं नाव लपवत असेल, तर तो तुमच्याकडून फक्त गुच्छ बांधून घेणार. "शिकायला मिळतंय ना" म्हणून बिनपगारी राबवणारेही भेटतील. गणपती ते दिवाळी तसं राबलात तर ठीक, त्यापुढे पगार मागा. माझे पहिले मालक तोंडाने काहीच शिकवायचे नाहीत. भाव करताना मात्र मला शेजारी उभं करायचे. गड्डी उलटी धरून देठ बघायचे, बोटाने कळीचा बुंधा दाबायचे, न बोलता परत ठेवायचे. देठाचं टोक काळं किंवा बुळबुळीत असेल तर वरचं फूल कितीही टवटवीत असो, तो कालपरवाचा माल. एवढं एक शिकायला लोक पुढे फार पैसे घालवतात.

आणि जमलं तर वर्षभर इकेबाना, म्हणजे जपानी पुष्परचना, शिका. इथे बरेच जण नाक मुरडतील. मुंबईत ओहारा आणि सोगेत्सु या दोन्ही पंथांचे वर्ग चालतात. सोगेत्सु त्यातला तरुण, सोफू तेशिगाहारा यांनी १९२७ साली सुरू केलेला. ओहाराने उथळ, रुंद भांड्यातली मोरिबाना रचना रुजवली. लग्नाच्या मांडवात इकेबाना कुणी मागत नाही. पण तीन काड्यांत जागा कशी बोलती होते आणि रिकामं कुठे सोडायचं हे कळलं की मोठ्या कामात काड्या वाचतात. काड्या म्हणजे पैसे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

गिऱ्हाईक फोनवर फोटो घेऊन येतं. बहुतेक वेळा परदेशातल्या कुठल्या तरी लग्नाचा, पिओनी, हायड्रेंजिया, मोकळं हिरवं गवत. आपण म्हणतो, पिओनी नाही मिळणार, त्याऐवजी हे घेऊ. मग कोटेशन लिहितो: स्टेजला पांढरं लिलियम इतक्या काड्या, पांढरा डच गुलाब इतक्या गड्ड्या, जांभळं ऑर्किड इतकं, खाली एकूण रक्कम. गिऱ्हाईक खूश, कारण सगळं स्वच्छ लिहून मिळालं. आपणही खूश, कारण प्रामाणिकपणे लिहून दिलं. सगळे असंच लिहितात, मला कुणी वेगळं सांगितलं नव्हतं. फास तिथेच आहे.

का, ते नीट समजून घ्या. हॉल सहा महिने आधी ठरतो, त्यासोबत सजावटही ठरते. फूल मात्र लग्नाच्या आदल्या रात्री किंवा त्याच पहाटे घ्यायचं असतं. खुर्ची, पडदा, लाइट यांचं भाडं डिसेंबरात सांगितलं तेच मेमध्ये राहतं. फुलाचा भाव रोज पहाटे नव्याने निघतो, आणि कशावर निघतो? मावळात, नाशकात, साताऱ्याकडे काल किती माल उतरला, रस्त्यात गाडी अडली का, अवकाळी पडला का, आणि सगळ्यात मोठं म्हणजे उद्या तीथ कशी आहे. मोठ्या तिथीला एकाच रात्री मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण, पनवेल सगळीकडचे डेकोरेटर तीच पांढरी फुलं मागायला उभे असतात, कारण फोटो सगळ्यांनी तेच पाहिलेले असतात.

२०१८ साल घ्या. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता, १६ मेपासून. अधिक महिन्यात आपल्याकडे लग्न लावत नाहीत. म्हणजे महिनाभर मुहूर्त बंद, आणि ज्यांना सुट्टीत लग्न उरकायचं होतं ते सगळे एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात येऊन दाटले. वर उन्हाळा. उन्हाळ्यात पॉलिहाऊसमधलासुद्धा गुलाब लहान निघतो, देठ आखूड येतो, फूल लवकर सुटतं. मागणी चढलेली आणि चांगला माल कमी झालेला, असं दोन्हीकडून. घोडबंदरच्या एका लग्नाचं कोटेशन मी डिसेंबरात दिलं होतं, मेच्या पहिल्या आठवड्यातल्या तारखेचं. लिलियम आणि पांढरा डच गुलाब, नावानिशी, आकड्यानिशी. आदल्या रात्री दादरला गेले तर आडतवाला म्हणाला, "ताई, लिलियम आहे, पण हिरव्या कळीचं." हिरवी कळी उमलायला दोन-तीन दिवस लागतात, आमच्या हातात एक रात्र. गुलाबाचा भाव ऐकून सोबतचा पोरगा हसायलाच लागला.

जमेल तेवढं घेतलं, बाकी पांढरी शेवंती काडी, गुलछडी आणि कार्नेशन लावून स्टेज भरला. स्टेज देखणा झाला होता, पाहुण्यांची फोटोसाठी रांग लागली होती. दुसऱ्या दिवशी मुलीचे मामा कोटेशनचा कागद घेऊन समोर उभे राहिले. "यात लिलियमच्या काड्या लिहिल्यात. मोजून दाखवा." उरलेली रक्कम आली नाही. मी चिडले, रडले, पण कागदावर मामांचंच म्हणणं खरं होतं. त्यांनी फुलं विकत घेतली होती. मी त्यांना एक देखावा विकला आहे असं मला एकटीलाच वाटत होतं.

म्हणून सांगते, फुलाचं नाव लिहून देऊ नका. रंग लिहा, आकार लिहा, भरण किती दाट ते लिहा. "स्टेजची मागची बाजू, पांढरा व फिकट हिरवा रंग, मध्यभागी मोठ्या आकाराची फुलं, कडेला बारीक भरण, सर्व ताजी फुलं, त्या दिवशीच्या बाजारातील उत्तम मालातून." एवढ्या ओळीत लिलियम बसतं, शेवंती बसते, जरबेरा बसतो. गिऱ्हाईकाने दिलेला फोटो जोडायचा तर त्याखाली "फक्त रंगसंगतीसाठी" असं लिहून जोडा.

पण ताई, गिऱ्हाईकच नाव मागतं. मागणारच. मग ते एक फूल वेगळ्या ओळीत काढा, त्यापुढे लिहा: भाव खरेदीच्या दिवसाचा, रक्कम खरेदीआधी. सरळ सांगा की मला यात एक रुपया नफा नको, पण तोटाही नको. शहाणं गिऱ्हाईक इथे स्वतःच म्हणतं, राहू द्या, पांढरं काहीही चालेल. जे म्हणत नाही त्याच्याशी पुढे कटकट होणार हे आत्ताच कळलं, तेही बरंच. नवरीचा बुके आणि वरमाला यांचा अपवाद ठेवा. तिथे नाव लिहून द्यायला हरकत नाही, कारण माल थोडा लागतो आणि कितीही महाग झाला तरी आणता येतो.

कागद सुधारलात आणि मोबाइलवर घसरलात तर उपयोग शून्य. रात्री अकराला फोटो येतो, "असंच हवं हं ताई", आणि आपण झोपेत त्याखाली अंगठा टाकतो. तो अंगठा उद्या करार म्हणून दाखवला जातो. उत्तर द्यायचंच तर "रंग असाच ठेवू" एवढं द्या.

आणि कोटेशन देण्याआधी पंचांग उघडा. तारीख पाहून आकडा सांगायचा, आकडा सांगून तारीख पाहायची नाही. त्या महिन्यात मुहूर्त किती, अधिक मास कुठे येतो, गुरू-शुक्राचा अस्त कधी, ते संपल्यावरची पहिली मोठी तीथ कोणती. बंदीच्या आधीच्या आणि नंतरच्या तारखा नेहमी महाग जातात. अधिक मास दर दोन-तीन वर्षांनी येतो, तो कुणाला चुकत नाही. २०२६ सालचा अधिक ज्येष्ठही १७ मेपासून, म्हणजे पुन्हा तोच खेळ. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लाल गुलाब असलेलं काम घेऊच नका, तळेगाव-मावळचा चांगला माल तेव्हा विमानाने परदेशी चाललेला असतो. दसऱ्याच्या आधी झेंडूचंही तेच. पाऊस लांबला तर शेतातच फुलं काळी पडतात आणि उरलेल्याचा भाव ऐकवत नाही.

माझा साधा हिशेब आहे. फुलांची खरेदी एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाताना दिसली की मी ते काम सोडते. रात्रपाळीची पोरं, टेम्पो, जाळी, वायर, वाया जाणारा माल, सकाळचं पाडकाम आणि तो ओला कचरा नेऊन टाकणं, हे सगळं उरलेल्यातून निघायचं असतं. पाडकाम कोटेशनमध्ये लिहायला लोक विसरतात आणि हॉलवाला ते आपल्याच गळ्यात मारतो. ताज्या फुलांवर जीएसटी नाही म्हणून निर्धास्त राहू नका. सजावट ही सेवा धरतात, तिच्यावर १८ टक्के, आणि वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते.

घाबरलात का? घाबरू नका. हे सगळं एका कागदाचं काम आहे, एकदा नमुना बनवला की जन्मभर पुरतो. फुलांचं काम त्यापेक्षा सोपं आहे, कारण फूल खोटं बोलत नाही.

फुलांच्या निगेबद्दल तुम्हाला बरंच माहीत असेल, म्हणून फक्त जिथे शिकलेली माणसंही गोंधळतात तेवढंच. जुना काचेचा फ्रिज घेतलात तर त्यात आंबे, केळी ठेवू नका, ठेवू देऊ नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशन त्याने उमलण्याऐवजी आत मिटत जातं. लग्नाच्या हॉलमध्ये फुलांच्या बादल्या केटररच्या फळांच्या खोलीत ठेवायला सांगतात, गोड बोलून नकार द्या. गुलाब, कार्नेशन दोन-चार अंशांवर खुशाल राहतात, पण ऑर्किड आणि अँथुरियम उष्ण प्रदेशातली. त्यांना तेवढ्या थंडीत ठेवलंत तर सकाळी काळपट डाग घेऊन बाहेर येतील. जरबेऱ्याला बादलीभर पाणी देऊ नका, दोन-तीन बोटं पुरे. देठ पोकळ आणि लवदार असतो, लगेच सडतो.

ओॲसिसबद्दल माझं मत ऐकून घ्या, पटलं तर बघा. हा फोम १९५४ साली अमेरिकेत निघाला आणि आपण त्याच्या इतके आहारी गेलो की त्याशिवाय फूल उभं राहतं हेच विसरलो. तो कुजत नाही, त्याचा नुसता बारीक चुरा होत राहतो. सुका कापताना ती धूळ नाकात जाते. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१पासून आपल्या प्रदर्शनांत तो बंदच केला. आपल्याकडे जुने माळी केळीच्या खांबात फुलं खोचायचे. ओलावा आपोआप, खर्च नाही, नंतर खत. मी अजून गौरीच्या सजावटीला तेच वापरते. लग्नात मात्र घाई असते, तिथे माझ्याही हातून विटा जातातच.

अंगाची काळजी आत्तापासून घ्या, चाळिशीनंतर गुडघे विचारत नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घ्या, काटा सगळ्यांनाच लागतो. शेवंती रोज हाताळून बोटांना खाज, भेगा येत असतील तर ते साबणाचं नाही, फुलाचंच असू शकतं. हातमोजे घाला आणि त्वचेच्या डॉक्टरांना "मी फुलांचं काम करते" हे आवर्जून सांगा, नाहीतर ते भांड्यांच्या पावडरवर खापर फोडतात.

आणि फुलपुडीला हिणवू नका. २५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देश बंद झाला. झेंडूची पोती जागच्या जागी सडली, पुढची सगळी लग्नं गेली, मोठमोठे स्टेज करणारे घरी बसले. हळूहळू दारं उघडायला लागली तेव्हा सगळ्यात आधी परत आली ती सोसायट्यांमधली रोजची देवपूजेची पुडी. दूर्वा, तुळस, चार फुलं. ती देणाऱ्यांची चूल पेटती राहिली. तेव्हापासून माझ्याकडे ते काम कायम आहे, वर्तकनगरपासून माजिवड्यापर्यंत दोन बायका सांभाळतात. त्यात शान नाही, रील बनत नाही. आषाढातलं भाडं मात्र त्यातून निघतं.

राहिला दुकानाचा प्रश्न. राम मारुती रोडवर किंवा वाशीच्या सेक्टरमध्ये काचेचं दुकान हवं असं सगळ्यांनाच वाटतं, मलाही वाटायचं. पहिली पाच वर्षं घेऊ नका. बुके विकून तिथलं भाडं निघत नाही आणि खरं काम दुकानात येत नाही, ते हॉलवाल्याच्या, केटररच्या, गुरुजींच्या तोंडून येतं. तुम्हाला लागते तळमजल्याची एक थंड खोली, मोरी असलेली, सांडपाणी नीट जाणारी, शेजारी पहाटेच्या आवाजावरून भांडणार नाहीत अशी. गाळा बघायला दुपारी जाऊ नका. पहाटे जा, नळ स्वतः सोडून पाणी किती येतं ते बघा, आणि टेम्पोवाल्याला सोबत न्या. गाडी दारापर्यंत लागते की नाही हे मालकापेक्षा तो खरं सांगेल.